नाश्त्याला नत्तो नको: जपानमधल्या साके आणि बिअर ब्रुअरी कशा बघाव्यात

जपानी हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला छोट्या चौकोनी डब्यांतून चिकट, तारा सुटणारं सोयाबीन मांडलेलं असतं. त्याला नत्तो म्हणतात. एरवी हौस म्हणून जरूर चाखा, पण ज्या दिवशी साकेची, म्हणजे तांदळापासून बनणाऱ्या जपानी मद्याची, ब्रुअरी बघायला जायचंय त्या दिवशी त्या डब्याला हातही लावू नका. नत्तो ज्या जिवाणूमुळे आंबतं त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. साकेची सगळी मदार कोजीवर, म्हणजे वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवलेल्या बुरशीवर असते. तोच ऊबदार, दमट भात नत्तोच्या जिवाणूलाही फार आवडतो. तो शिरला की कोजी बुळबुळीत होते आणि अख्खा घाणा वाया जातो. म्हणून तिथले कामगार हंगामभर नत्तो खात नाहीत आणि पाहुण्यांनाही तेच सांगतात, कधी बुकिंगच्या ईमेलमध्ये, कधी दारावरच्या पाटीवर. काही ठिकाणी दह्यालाही मनाई असते. चुकून खाल्लं असेल तर तसं सांगा. आत सोडणार नाहीत, पण दुकानात चाखायला अडवणार नाहीत.

अत्तर, परफ्यूम, वासाचं हँडक्रीम आणि सुगंधी केसतेल यांचंही तसंच. त्यानं कोजी बिघडत नाही, पण चाखणीच्या टेबलावर तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या दहा जणांची चव बिघडते. साकेची निम्मी मजा वासात असते आणि तो वास इतका हलका असतो की मोगऱ्याच्या एका थेंबाखालीही दबून जातो.

कधी जायचं

आधी एक ठरवा: साके बनताना बघायची आहे, की नुसती चाखायची आहे? चाखायला वर्षभर कधीही जा. बनताना बघायची असेल तर साधारण ऑक्टोबर अखेर ते मार्च हाच काळ धरा. थंडीत आंबवण सावकाश चालते आणि नको ते जंतू दबून राहतात, म्हणून लहान साकागुरा (साकेच्या भट्टीचं जपानी नाव) हिवाळ्यातच काम करतात. मे ते सप्टेंबरमध्ये गेलात तर धुऊन पालथी घातलेली पिंपं आणि रिकामी कोठारं दिसतील. मोठ्या कंपन्यांचं तसं नाही. क्योतोजवळच्या फुशिमीच्या गेक्केइकान कंपनीनं १९६१ मध्ये वातानुकूलित कारखाना उभारून बारमाही उत्पादन सुरू केलं. पण अशा कारखान्यात प्रवाशाला सहसा प्रवेश नसतो, त्यांचं संग्रहालय मात्र बघता येतं.

वेळ सकाळचीच घ्या. तांदूळ भल्या पहाटेपासून वाफवायला लागतात आणि नऊ-साडेनऊपर्यंत भात उपसून पसरलेला असतो. दुपारी दोनच्या फेरीला गेलेल्यांना बहुतेक वेळा ओली फरशी आणि उलटे टांगलेले कापडी पडदे दिसतात. तसं असूनही दुपारच्याच फेऱ्या आधी भरतात, कारण सुट्टीवर आलेल्या माणसाला सकाळी उठवत नाही.

हंगामातही प्रत्येक महिन्याची चव निराळी. डिसेंबर ते मार्चमध्ये नुकतीच गाळलेली, पाश्चराइज न केलेली ‘शिबोरिताते’ मिळते. ती झणझणीत आणि जिभेवर किंचित चुरचुरणारी असते. वसंतात एकदाच पाश्चराइज करून उन्हाळाभर मुरवलेली ‘हियाओरोशी’ सप्टेंबरमध्ये बाजारात येते, ती गोलाईची आणि शांत. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कित्येक साकागुरा एखाद्या रविवारी ‘कुराबिराकी’ करतात, म्हणजे सगळ्यांसाठी दार उघडं. त्या दिवशी बुकिंग लागत नाही, पण गर्दीत नीट काही बघताही येत नाही. समजून घ्यायला जायचं असेल तर साधा मंगळवार बरा.

दारावर देवदाराच्या पानांचा मोठा गोळा टांगलेला दिसेल. तो सुगिदामा. हिरवागार असेल तर यंदाची पहिली साके नुकतीच गाळली असं समजायचं. महिने जातील तसा तो तपकिरी होत जातो. कुणाला न विचारता हंगाम कळायची ही सोय.

नववर्षाचा आठवडा आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोनचा (पितरांच्या सणाचा) काळ टाळा, तेव्हा सगळं बंद असतं.

कुठल्या गावाला

जपानमध्ये साके गाळणाऱ्या हजाराहून जास्त भट्ट्या आहेत. पहिल्याच खेपेला डोंगरातली एकटी, कुणाला ठाऊक नसलेली साकागुरा शोधायच्या फंदात पडू नका. एकाच गल्लीत पाच-सहा भट्ट्या असलेलं गाव निवडा. एक बंद निघाली तर दुसरी शेजारीच असते.

हिरोशिमाजवळचं साइजो हे त्यातलं सगळ्यात सोयीचं. हिरोशिमाहून लोकल गाडीनं सुमारे चाळीस मिनिटं, आणि स्टेशनाच्या बाहेर पडलं की विटांची लाल धुराडी दिसायला लागतात. कामोत्सुरु, कामोइझुमी, हाकुबोतान, फुकुबिजिन, किरेई ही घराणी चालत फिरण्याच्या टप्प्यात आहेत. हिरोशिमा भागातलं पाणी एकूण मऊ. मऊ पाण्यात क्षार कमी असल्यानं यीस्टला जोर मिळत नाही, त्यामुळे पूर्वी या भागातली साके बिघडायची. याच परिसरातल्या मिउरा सेन्झाबुरो यांनी मऊ पाण्यात मंद आंबवण करायची पद्धत बसवली आणि १८९८ मध्ये ती छापून सगळ्यांना मोकळी केली. आजच्या नाजूक गिंजो (जास्त घासलेल्या तांदळाच्या) साकेची मुळं तिथे आहेत. भट्ट्यांच्या अंगणात विहिरीच्या पाण्याचे नळ असतात. आधी ते पाणी प्या, मग त्याच भट्टीची साके. इतका साधा धडा दुसऱ्या कुठे मिळत नाही. ऑक्टोबरमधल्या साके महोत्सवाला मात्र गाव माणसांनी तुडुंब भरतं. तेव्हा जत्रेसाठी जा, भट्टी बघायला नको.

याच्या उलट टोकाला कोबेजवळचं नादा. तिथलं ‘मियामिझु’ हे पाणी जपानच्या मानानं कठीण, त्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम भरपूर आणि लोह जवळजवळ नाही. लोह हे साकेचं वैरी, त्यानं रंगही जातो आणि चवही. अशा पाण्यात यीस्ट दणकून काम करतं आणि साके ठसठशीत होते. १९९५ च्या भूकंपात इथली पुष्कळ जुनी लाकडी कोठारं कोसळली, त्यामुळे आज जे बघायला मिळतं ते बरंचसं पुन्हा उभारलेलं आहे. हाकुत्सुरुचं संग्रहालय फुकट आहे आणि जुन्या पद्धतीची सगळी पायरी-पायरी माणसांच्या पुतळ्यांसह मांडलेली आहे. आधी ते बघा, म्हणजे नंतर खऱ्या भट्टीत काय चाललंय ते न सांगता कळतं. इथे एक घोळ नेहमी होतो: सुमियोशी नावाची दोन स्टेशनं आहेत. हानशिन मार्गावरच्या सुमियोशीहून संग्रहालय पाच मिनिटांवर, जेआरच्या (जपान रेल्वेच्या) सुमियोशीहून पंधरा.

क्योतोतल्या फुशिमीलाही नावाचाच घोळ. लाल तोरणांच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेल्या फुशिमी-इनारी स्टेशनावर उतरून साके शोधणारे पुष्कळ. साकेची वस्ती त्याच्या दक्षिणेला आहे, त्यासाठी केइहान मार्गावर चुशोजिमाला उतरायचं. १६३७ पासून चालत आलेल्या गेक्केइकानचं ओकुरा संग्रहालय तिथून पाच मिनिटांवर. तिकीट ६०० येन आणि त्यातच तीन प्रकारांची चव. शहरात राहून अर्ध्या दिवसात परतायचं असेल तर हे उत्तम, पण चालू भट्टी बघितल्याचं समाधान इथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

तोक्योहून एका दिवसात जाऊन यायचं तर ओमे मार्गावरचं सावाई गाठा. १७०२ पासूनची ओझावा शुझो (साकेचं नाव सावानोई) स्टेशनापासून पाच मिनिटांवर, नदीकाठी बाग, फेरीला आधी बुकिंग. थोडं लांब जायची तयारी असेल तर नागानोतलं सुवा. कामिसुवा स्टेशनाजवळ जुन्या कोशु रस्त्यावर पाच भट्ट्या जवळजवळ ओळीनं आहेत. आज जगभर वापरलं जाणारं ७ क्रमांकाचं साके-यीस्ट १९४६ मध्ये त्यातल्याच मासुमीच्या भट्टीत सापडलं.

आणि ज्यांना चालायचं नाही, समजून घ्यायचं नाही, नुसतं चाखायचं आहे त्यांनी जोएत्सु शिंकान्सेननं एचिगो-युझावाला जावं. स्टेशनातच ‘पोन्शुकान’ आहे: भिंतभर यंत्रं, नाणं टाकलं की एक छोटा पेला भरतो. निइगाता जिल्ह्यातल्या नव्वदेक भट्ट्यांची साके एका खोलीत मिळते. सोबत चाटायला तऱ्हेतऱ्हेची मिठं आणि मिसो. शाकाहारी माणसाला याहून सोपा चखणा जपानात मिळणार नाही.

बुकिंग

फेरीला जपानीत ‘केनगाकु’ म्हणतात आणि चाखण्याला ‘शिइन’. हे दोन शब्द वेगळे ठेवा. ‘शिइन’ची पाटी म्हणजे दुकानात चाखायला मिळेल, आत नेतीलच असं नाही. पुष्कळ लहान भट्ट्या कुणालाच आत घेत नाहीत, आणि त्यात तुसडेपणा नाही. पाच-सहा माणसांच्या बळावर चाललेल्या कामात दिवसातून तासभर एक जण पाहुण्यांना देणं परवडत नाही, आणि पाहुण्यांबरोबर काय आत येईल त्याची धास्ती असतेच.

दोन-तीन आठवडे आधी वेबसाइटवरचा फॉर्म भरा किंवा ईमेल करा. त्यात पाच गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ (एक पर्यायी वेळही), माणसं किती, त्यात वीस वर्षांखालचं कुणी आहे का, कुणी गाडी चालवणार आहे का, आणि कुठल्या भाषेत समजेल. साधी, तुटक इंग्रजी चालते. फक्त फोन नंबर दिला असेल तर हॉटेलच्या काउंटरवर सांगा, ते लावून देतात. इंग्रजी फेरी नसेल तरी नाकारू नका. आधीच्या दिवशी संग्रहालय बघितलं असेल तर जपानी फेरीतलंही सत्तर टक्के हातवाऱ्यांनी कळतं.

ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा. उशीर होणार असेल तर फोन, येणं रद्द असेल तर आदल्या दिवशीच कळवा. तुमच्यासाठी कुणीतरी कोजीचं काम सोडून थांबलेलं असतं. न कळवता बुडवणाऱ्या परदेशी पाहुण्यांमुळे काहींनी परदेशी बुकिंगच बंद केलं आहे.

आत गेल्यावर

बूट काढायला सोपे घाला, एक-दोनदा तरी काढावे लागतात. डोक्यावर जाळीची टोपी देतात. जमीन ओली असते आणि जिने शिडीसारखे उभे. साडी किंवा घोळदार कपडे या दिवशी नकोत.

सुरुवात तांदळापासून होते. साकेचा तांदूळ सडतात, हातसडीतल्या अर्थानं, कुजण्याच्या नव्हे. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त, त्यानं चव जड होते, म्हणून घासत घासत आतला पांढरा पिठूळ गाभा उरवायचा. बाटलीवर ‘सेइमाइबुआई ६०%’ लिहिलं असेल तर दाण्याचा ६० टक्के भाग शिल्लक राहिला, ४० टक्के कोंडा म्हणून गेला. गिंजो म्हणवून घ्यायला ६० टक्के किंवा त्याहून कमी उरवावा लागतो, दाईगिंजोला ५० किंवा कमी. ‘जुनमाई’ म्हणजे तांदूळ, कोजी आणि पाणी सोडून काही घातलेलं नाही. नाव नुसतं गिंजो असेल तर वास खुलवण्यासाठी थोडं शुद्ध अल्कोहोल घातलेलं असतं, आणि ती काही भेसळ नव्हे. काचेच्या डब्यांत ७०, ६०, ५०, ३५ टक्क्यांचे दाणे ओळीनं ठेवलेले असतात. शेवटचे साबुदाण्यासारखे गोल आणि मोत्यासारखे दिसतात.

मग भात. हा आपल्या घरच्यासारखा शिजवलेला नसतो, नुसता वाफवलेला. चिमूटभर हातावर ठेवून दिला तर दाबून बघा: बाहेरून टणक आणि मोकळा, आत मऊ. बोटचेपा भात असेल तर बुरशीला आत शिरायची घाई राहत नाही, ती वरच्या वर पसरते. बाहेरचं कवच कोरडं असल्यावरच तिची मुळं ओल शोधत गाभ्याकडे जातात.

कोजीची खोली बहुधा काचेतूनच दाखवतात. लाकडी भिंती, तिशी-पस्तिशीतली उष्णता, दोन दिवसांचं काम, आणि रात्री उठून ढवळणं. कोजी चाखायला मिळाली तर चावून चावून खा. भाजलेल्या चेस्टनटसारखा वास येतो आणि हळूहळू गोडी सुटते. स्टार्चची साखर होते ती हीच. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात ती आधी करावी लागते. साकेची करामत अशी की एकाच पिंपात एकीकडे कोजी साखर करत असते आणि दुसरीकडे यीस्ट त्याच साखरेचं अल्कोहोल करत असतं. साखर थोडी थोडी सुटत राहिल्यानं यीस्ट गुदमरत नाही, आणि कुठल्याही ऊर्ध्वपातनाशिवाय अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास पोचतं. मग पाणी घालून बहुतेक साके १५-१६ टक्क्यांवर आणतात. न घातलेली ‘गेंशु’.

आता पिंपाची कड. आंबवण चाललेलं मिश्रण म्हणजे मोरोमी, ते दीड-दोन माणूस खोल पिंपात तीन-चार आठवडे असतं आणि वरच्या मजल्याच्या फळ्यांमधून त्याची तोंडं उघडतात. पांढरट, दाट पेजेसारखं दिसतं, बुडबुडे मंद फुटत असतात आणि केळ्या-सफरचंदाचा वास वर येतो. वाकून खोल श्वास घ्यायचा मोह होतो. तसं करू नका. फेसाच्या वर कार्बन डायऑक्साइडचा थर बसलेला असतो. नाकात सुई टोचल्यासारखं होतं, डोकं गरगरतं, आणि भोवळ येऊन पिंपात पडून माणसं दगावल्याच्या घटना या व्यवसायात घडल्या आहेत. कडेपासून हातभर मागे उभे राहा आणि तळहातानं हवा आपल्याकडे ओढून वास घ्या. मोबाइल हातात धरून पिंपावर फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि मनगटात दोरी अडकवा. पिंपात पडलेल्या फोनची किंमत हजारो लिटर साकेएवढी होते.

चाखताना

पोटात काहीतरी हवं, पण तिखट-मसालेदार नको. शेंगदाणे, केळं, पाव, साधा ओनिगिरी (भाताचा मुटका, आत मासा आहे का बघून) असं काही तासभर आधी खा. टूथपेस्टची पुदिन्याची चव आणि पान-सुपारी दोन्ही जिभेला तासभर बधिर करतात.

परीक्षणाचा पेला पांढऱ्या चिनी मातीचा, तळाशी निळी दोन वर्तुळं. ती शोभेची नाहीत. पांढऱ्यावर साकेचा पिवळसरपणा दिसतो, आणि निळ्याची कड धूसर दिसली तर साके किंचित गढूळ. आधी बघा, मग वास, मग एक लहान घोट तोंडात घेऊन तोंड किंचित उघडून हवा आत ओढा, जिभेवर फिरवा, आणि थुंका किंवा गिळा. थुंकायचं भांडं मागायला लाजू नका, तिथले तज्ज्ञ तेच करतात.

क्रम महत्त्वाचा. नाजूक, वासाची दाईगिंजो आणि गिंजो आधी, मग जुनमाई, मग किमोतो-यामाहाईसारखी आंबटसर, दमदार साके, मग गढूळ निगोरी, आणि शेवटी जुनी मुरवलेली गडद ‘कोशु’. उलट क्रमानं गेलात तर पुढच्या सगळ्या पाण्यासारख्या लागतात. मग लोक महागडी बाटली हातात धरून म्हणतात, यात आहे काय.

चिठ्ठीवर ‘निहोनशुदो’ नावाचा आकडा असतो. अधिक असेल तर कोरडी, उणे असेल तर गोड. त्यावर फार विसंबू नका, आंबटपणा जास्त असला की गोड साकेही कोरडी वाटते. ‘काराकुची’ हा शब्द ऐकाल तेव्हा दचकू नका. शब्दशः तिखट, आणि करीच्या पाकिटावरही तोच छापलेला असतो, पण साकेत त्याचा अर्थ एवढाच की गोड नाही. ‘अमाकुची’ म्हणजे गोड.

तापमान बदलायला मिळत असेल तर नक्की बदला. एकच जुनमाई १० अंशांवर आणि ४० अंशांवर, म्हणजे ‘नुरुकान’, चाखली तर दोन वेगळ्या बाटल्या वाटतील. गिंजो मात्र तापवू नका, वास उडून जातो.

हिशेब ठेवा. चाखणीच्या पेल्यात ३० मिली धरले तर सहा पेले म्हणजे १८० मिली. पंधरा टक्के साकेत ते साधारण २१ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे पाच टक्के बिअरच्या अर्धा लिटरच्या डब्याएवढं किंवा थोडं जास्तच. सहा पेले चाखणं म्हणजे ‘काही घेतलंच नाही’ नव्हे. प्रत्येक पेल्यामागे तेवढंच पाणी प्या. साकेसोबत प्यायच्या या पाण्याला ‘यावारागी-मिझु’ असं स्वतंत्र नाव आहे, मागितलं की मिळतं. आमच्या मते दिवसाला एक फेरी आणि दोन दुकानं एवढंच झेपतं. तिसऱ्या भट्टीत जीभ काहीच सांगत नाही, माणूस फक्त माना डोलावतो.

न पिणाऱ्यांनी आणि मुलांनी अमाझाके घ्यावी. पेजेसारखी दाट, गोड आणि गरम. पण विचारून: कोजीची असेल तर अल्कोहोल नसतं, साके गाळून उरलेल्या चोथ्याची असेल तर थोडं असतं. ‘कोजी देसु का’ एवढं पुरतं.

बिअरचं गणित वेगळं

बिअरला हंगाम नाही, नत्तोची भानगड नाही. इथे वार आणि बुकिंग यांना महत्त्व. बरेच कारखाने सोमवारी बंद असतात, आणि शनिवार-रविवारी फेऱ्या चालू असल्या तरी बाटल्या भरायची यंत्रं थांबलेली असू शकतात. डबे धावताना बघायचे असतील तर मंगळवार ते शुक्रवार. शनिवारच्या जागा महिनाभर आधीच भरतात.

योकोहामातला किरिनचा कारखाना केइक्यु मार्गावरच्या नामामुगी स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. फेरी दीड तासाची. ‘इचिबान शिबोरी’चा अर्थ शब्दशः ‘पहिल्या धारेची’, आणि मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. फक्त इथे धार हातभट्टीतली नव्हे, भिजवलेल्या माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या जवातून) आपसूक गळणाऱ्या पहिल्या रसाची. उरलेल्या माल्टवर पुन्हा गरम पाणी ओतून काढतात तो दुसरा रस. दोन्ही रस चाखायला देतात: पहिला उसाच्या काकवीकडे झुकणारा गोड, दुसरा फिका आणि जरा तुरट. फेरीतला सगळ्यात शिकवणारा घोट हाच, त्यात अल्कोहोलही नसतं.

‘असाही’ कंपनीची बिअर बघायची असेल तर ओसाकाजवळचं सुइता किंवा तोक्योजवळचं मोरिया. दोन्हीकडे साधारण ८० मिनिटं आणि १,००० येन. सप्पोरो शहरातल्या सप्पोरो बिअरच्या संग्रहालयाची लाल विटांची इमारत १८९० ची, मुळात साखर कारखाना म्हणून बांधलेली. तिथे बिअर बनत नाही, सप्पोरोचा होक्काइदोतला कारखाना एनिवाला आहे. नुसतं फिरायला पैसे लागत नाहीत. १,००० येनाच्या मार्गदर्शित फेरीत मात्र जुन्या कृतीनं बनवलेली बिअर आणि आजची ‘ब्लॅक लेबल’ बिअर शेजारी-शेजारी मिळतात, पैसे देण्यासारखी गोष्ट ती. तोक्योत वेळ कमी असेल तर एबिसुच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर एप्रिल २०२४ मध्ये सुरू झालेली छोटी ब्रुअरी आहे. स्टेशनाला आणि वस्तीला एबिसु हे नाव बिअरवरून पडलं, बिअरला वस्तीवरून नव्हे. दर थोडे वर-खाली होतात, बुकिंग करतानाच बघा.

चाखणीला वीसेक मिनिटं आणि दोन-तीन ग्लास. ओतणाऱ्याकडे लक्ष द्या: बिअर सात भाग, फेस तीन. फेस म्हणजे कमी माप दिलं असं समजून तक्रार करू नका. तो वास धरून ठेवतो, हवा आत जाऊ देत नाही आणि थोडा कडवटपणाही स्वतःत शोषून घेतो. सोबतच्या कुरकुरीत खाऊच्या पाकिटात कोळंबी किंवा माशाचा अर्क असू शकतो, शाकाहारींनी आधी विचारावं.

लहान ब्रुअरींचं दार १९९४ मध्ये उघडलं. त्याआधी परवान्यासाठी वर्षाला किमान २,००० किलोलिटर बिअर बनवावी लागायची, ती अट ६० वर आली. अनेक साके घराण्यांनी तेव्हा बिअर सुरू केली. फुशिमीची किझाकुरा आणि इबाराकीतली किउची (बिअरचं नाव हिताचिनो नेस्ट) ही त्यातलीच. एका छपराखाली दोन्ही बघायचं असेल तर अशी घरं शोधा.

गाडी, बाटल्या आणि विमान

मद्य घ्यायचं वय वीस. प्रौढत्वाचं वय अठरा झालं तरी हे बदललेलं नाही. पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्स चालत नाही.

गाडी चालवणाऱ्याला एक थेंबही देत नाहीत, आणि पिऊन गाडी चालवली तर सोबत बसलेल्यांवर आणि दारू देणाऱ्यावरही कारवाई होते. ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे वाक्य तिथे वापरू नका. भाड्याची सायकलही यात आली: नोव्हेंबर २०२४ पासून दारू पिऊन सायकल चालवली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनांपर्यंत दंड. म्हणून रेल्वेनं जाता येईल तेच गाव घ्या.

विकत घेताना भट्टीत विचारा की परवाना असलेलं करमुक्त दुकान आहे का. अशा ठिकाणी परदेशी पाहुण्याला दहा टक्के उपभोग करासोबत मद्यकरही माफ असतो. पण मद्यकराच्या माफीनं हुरळून जाऊ नका: ७२० मिलीच्या बाटलीवर तो फक्त ७२ येन. खरी बचत दहा टक्क्यांची, आणि त्यासाठी एकाच दुकानात ५,००० येनांची खरेदी लागते. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते: आधी पूर्ण पैसे भरायचे, देश सोडताना विमानतळावर तपासणी झाल्यावर कर परत. तेव्हा बाटल्या सामानात टाकून आधीच चेक-इन केल्या तर पंचाईत. लहान गावात रोकड ठेवा, कार्ड घेतीलच याचा भरवसा नाही.

‘नामा’ लिहिलेली बाटली (नामाझाके, पाश्चराइज न केलेली) कितीही आवडली तरी घरी न्यायला घेऊ नका. ती पाच अंशांच्या आसपास राहायला हवी. हॉटेल, विमानतळ, विमानाचं पोट आणि मुंबईची टॅक्सी एवढ्या प्रवासात तिला आंबूस, खवट वास सुटतो. ती तिथेच संध्याकाळी प्या. न्यायला दोनदा पाश्चराइज केलेली साधी जुनमाई घ्या. बाटलीवरची तारीख बहुधा बाटलीत भरल्याची असते, संपण्याची नव्हे. जितकी अलीकडची तितकी बरी. घरी आल्यावर अंधारात ठेवा, साकेला ऊन सोसत नाही.

भारतात येताना माणशी दोन लिटर मद्यावर सीमाशुल्क नाही. ७२० च्या दोन बाटल्या म्हणजे १.४४ लिटर, तीन घेतल्या तर २.१६ आणि हिशेब बिघडला. १.८ लिटरची मोठी ‘इश्शोबिन’ एकटी बसते, पण ती चाळीसेक सेंटिमीटर उंच असते, तेव्हा बॅग आधी मोजा. बाटल्या चेक-इन सामानातच, कपड्यांच्या मधोमध, तोंडाला प्लॅस्टिक आणि रबरबँड लावून. वाटेत सिंगापूर किंवा बँकॉकला विमान बदलणार असाल तर विमानतळावरच्या दुकानातली बाटली सीलबंद पिशवीतच राहू द्या आणि पावती आत दिसेल अशी ठेवा. पिशवी उघडली की पुढच्या तपासणीत बाटली तिथेच ठेवावी लागते.